जुन्या रेल्वे स्थानकांच्या वास्तूंचे भिंतीसाठी छायाचित्रण : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सुरुवात कुठून करावी? आधी स्थानक निवडावे की आधी भिंत बघावी?

आधी भिंत. फोटो आडवा हवा की उभा, किती रुंद, किती अंतरावरून पाहिला जाणार आणि खोलीत उजेड किती, ही चार उत्तरे हातात असली की स्थानकावर उभे राहण्याची जागा, लेन्स आणि वेळ आपोआप ठरू लागते. सोफ्यामागच्या लांब भिंतीसाठी दर्शनी बाजूचा रुंद फोटो शोभतो. जिन्याजवळच्या अरुंद भिंतीला घड्याळाचा मनोरा किंवा एकच ओतीव लोखंडी खांब पुरतो. मोबाइलवर सुंदर दिसलेला फोटो ९० सेंटिमीटर रुंद केला की त्यातली प्रत्येक तिरकी रेघ रोज डोळ्यांपुढे राहते. स्थानकाची वास्तू सरळ रेषा आणि कमानींनीच बनलेली असल्यामुळे इथे भूमितीतली चूक लपत नाही. पुढची बहुतेक उत्तरे याच एका काळजीतून आली आहेत.

कॅमेरा २४ मेगापिक्सेलचा आहे. किती मोठा प्रिंट निघेल?

अशा फाइलमध्ये साधारण ६००० × ४००० पिक्सेल असतात. प्रति इंच ३०० पिक्सेल धरले तर २० × १३ इंच, २०० धरले तर ३० × २० इंच आणि १५० धरले तर ४० × २६ इंच. पाहण्याच्या अंतरावरून किमान गरज काढायची असेल तर अंतर इंचांत मोजा आणि ३४३८ ला त्याने भागा. दीड मीटर म्हणजे ५९ इंच, म्हणजे उत्तर आले प्रति इंच ५८ पिक्सेल. ही सामान्य नजरेची मर्यादा झाली. प्रत्यक्षात त्याची दुप्पट तरी ठेवा. स्थानकाच्या फोटोजवळ माणसे मुद्दाम जातात, दगडातली नक्षी आणि घड्याळाचे आकडे निरखतात, म्हणून आम्ही २०० च्या खाली सहसा उतरत नाही.

एक हिशेब मात्र विसरला जातो. रेषा सरळ करताना आणि कडा कापताना १५ ते २० टक्के पिक्सेल जातात. प्रिंटचे माप त्यानंतर उरलेल्या फाइलवरून ठरवा.

फोटोत इमारत मागे कलल्यासारखी दिसते. असे का होते?

कॅमेरा वर उचलला की सेन्सर (आतली प्रकाश टिपणारी पट्टी) इमारतीच्या भिंतीला समांतर राहत नाही. मनोऱ्याचा वरचा भाग लेन्सपासून दूर असल्याने लहान उमटतो आणि उभ्या रेषा वर एकमेकींकडे झुकतात. लेन्स बदलून हे जात नाही, कारण दोष कॅमेऱ्याच्या कलण्यात आहे. उपाय एकच, कॅमेरा पाणसळीत ठेवणे. मग मनोऱ्याचे टोक चौकटीत बसवण्यासाठी मागे सरकावे लागते.

किती मागे, ते आधीच काढता येते. फुल-फ्रेम कॅमेरा (३६ × २४ मिमी सेन्सरचा) उभा धरून २४ मिमी लेन्स लावली, तर सेन्सरच्या मध्यापासून वरची कड १८ मिमीवर असते. १८ भागिले २४ म्हणजे ०.७५. मनोरा ६० मीटर उंच असेल तर ६० भागिले ०.७५, म्हणजे सुमारे ८० मीटर मागे जावे लागेल. हीच लेन्स शिफ्ट होणारी, म्हणजे कॅमेरा न कलवता वर-खाली सरकणारी असेल आणि ती १२ मिमी वर सरकवली, तर १८ अधिक १२ म्हणजे ३०, भागिले २४, म्हणजे १.२५. अंतर ४८ मीटरवर येते. जुन्या शहरांतल्या स्थानकांसमोर ८० मीटर मोकळी जागा क्वचितच मिळते. अशा सरकणाऱ्या टिल्ट-शिफ्ट लेन्सची किंमत नेमकी इथे वसूल होते.

टिल्ट-शिफ्ट लेन्स नसेल तर?

अधिक रुंद लेन्स घ्या, कॅमेरा सरळ ठेवा आणि खालचा निम्मा रस्ता नंतर कापून टाका. पिक्सेल वाया जातात, पण इमारत ताणली जात नाही. दुसरा मार्ग म्हणजे थोडा कललेला फोटो घेऊन सॉफ्टवेअरमध्ये रेषा सरळ करणे. कल १० अंशांच्या आत असेल तर हे चांगले जमते. त्यापुढे वरचा भाग इतका ताणला जातो की तिथला तपशील मऊ पडतो आणि घुमट फुगलेला दिसतो. चारही बाजूंनी भरपूर जागा सोडून फोटो घ्या, नाहीतर दुरुस्तीनंतर नेमका कळसच कापला जातो.

समोरच्या इमारतीच्या दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीतून किंवा पादचारी पुलावरून फोटो घेता आला तर निम्मा प्रश्न तिथेच मिटतो. दर्शनी भागाच्या मध्याच्या उंचीला कॅमेरा आला की तो कलवावा लागत नाही.

उभ्या रेषा शंभर टक्के समांतर केल्या की फार उंच मनोरा वर रुंद होत गेल्यासारखा भासतो, कारण नजरेला थोडे निमुळतेपण अपेक्षित असते. अशा वेळी दुरुस्ती ९० ते ९५ टक्क्यांवर थांबवा.

बाहेरून फोटो कोणत्या वेळी घ्यावा?

इमारतीचे तोंड कुठे आहे ते नकाशावर बघा. मुंबईचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस पश्चिमेकडे तोंड करून आहे. सकाळी दर्शनी भाग स्वतःच्याच सावलीत असतो आणि दुपार कलली की उजळतो. १८८८ साली पूर्ण झालेल्या, एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स यांनी आखलेल्या या इमारतीवर कोरीव काम इतके दाट आहे की समोरून पडणारे ऊन ते सपाट करून टाकते. ऊन ३० ते ६० अंशांच्या कोनातून घासून गेले तर प्रत्येक पान, प्रत्येक चेहरा सावलीने उठून येतो. ढगाळ दिवस अशा नक्षीला मारक असतो, पण साध्या विटांच्या दर्शनी भागाला तोच मानवतो.

निळ्या वेळेचा फोटो भिंतीवर सर्वांत जास्त टिकतो असे आमचे मत आहे. सूर्य क्षितिजाखाली साधारण ४ ते ६ अंश गेलेला असताना आकाश आणि इमारतीचे दिवे जवळजवळ एकाच तेजाचे होतात. विषुववृत्ताजवळ हा टप्पा जेमतेम ८-९ मिनिटांचा असतो, उत्तरेकडे लांबत जातो. ट्रायपॉड, चौकट, फोकस सगळे सूर्यास्ताआधी लावून ठेवा. त्या मिनिटांत फक्त शटर दाबायचे.

आतल्या दालनात छताची काच पांढरीफटक आणि खाली अंधार. काय करावे?

एका एक्स्पोजरमध्ये हे मावत नाही. रॉ स्वरूपात (कॅमेऱ्याची प्रक्रिया न केलेली मूळ फाइल), दोन-दोन स्टॉपच्या (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा) अंतराने ३ ते ५ फोटो घ्या. सर्वांत गडद फोटोत काचेच्या तावदानांमधल्या पट्ट्या स्पष्ट दिसल्या पाहिजेत, सर्वांत उजळ फोटोत खांबांच्या पायथ्याची सावली. बदल फक्त शटर स्पीडमध्ये करा. अ‍ॅपर्चर (लेन्सचे छिद्र) एफ/८ वर, आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) १०० वर, फोकस हाताने लावून पक्का. एफ/१६ च्या पुढे गेलात तर विवर्तनामुळे (बारीक छिद्रातून प्रकाश पसरल्यामुळे) सगळा फोटोच थोडा मऊ होतो.

फोटो एकत्र करताना सावल्या फार उपसू नका. काचेचे छत हा दालनातला सर्वांत उजळ भाग आहे आणि फोटोतही तो तसाच राहायला हवा. काच आणि फरशी एकाच उजळपणाची झाली की दालनाची खोली नाहीशी होते आणि प्रिंट करड्या रंगाचा, निर्जीव दिसतो.

प्रकाशाची किरणे छतातून उतरताना टिपायची आहेत. कधी जावे?

आधी ती अजून उतरतात का ते बघा. न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रलच्या (१९१३) मुख्य दालनात तिरपे झोत पडल्याचे जुने फोटो प्रसिद्ध आहेत. पुढे भोवती उंच इमारती उभ्या राहिल्या आणि तसा प्रकाश आत येणे बंद झाले. सूर्याची दिशा आणि उंची दाखवणारे अ‍ॅप उपयोगी आहे, पण शेजारच्या इमारतींची सावली त्याला बहुधा कळत नाही. शिवाय झोत दिसायला हवेत धूळ किंवा धूर लागतो. वाफेची इंजिने गेल्यावर दालने स्वच्छ झाली, म्हणून आजचे झोत पूर्वीपेक्षा फिके असतात.

फोटोत कुठे पिवळे, कुठे हिरवे, कुठे निळे पडते.

वेगवेगळे दिवे एकत्र आल्याचा हा परिणाम. सोडियमचे दिवे सुमारे २००० केल्विन (प्रकाशाच्या रंगाचे माप, आकडा कमी तितका रंग पिवळा), जुने पिवळे बल्ब २७०० ते ३०००, छतातून येणारे आकाश ७००० च्या वर. एकच व्हाइट बॅलन्स (पांढरे पांढरेच दिसावे म्हणून केलेली रंगांची जुळणी) सगळ्यांना पुरत नाही. दगडाचा किंवा लाकडाचा खरा रंग ज्या दिव्यात दिसतो त्याला प्रमाण माना आणि बाकीचे भाग मास्क लावून (तेवढेच भाग निवडून) त्याच्या जवळ आणा. पूर्ण एकसारखे करू नका. आत ऊबदार आणि बाहेर थंड हा फरक डोळ्यालाही दिसतो. कमी दाबाच्या सोडियम दिव्याखाली मात्र रंग परत मिळत नाहीत, कारण त्या प्रकाशात पिवळ्याखेरीज जवळजवळ काहीच नसते. तो फोटो सरळ कृष्णधवल करा.

फोटोवर आडवे गडद पट्टे येतात.

५० हर्ट्झच्या विजेवरचे बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतात आणि इलेक्ट्रॉनिक शटर ते पट्ट्यांच्या रूपात पकडते. शटर स्पीड १/१०० किंवा १/५० ठेवा, ६० हर्ट्झच्या देशात १/१२० किंवा १/६०. यांत्रिक शटरने पट्टे बरेच कमी होतात.

गर्दी कशी घालवावी? की असूच द्यावी?

पूर्ण रिकामे स्थानक बऱ्याचदा छोट्या प्रतिकृतीसारखे दिसते. माणसांमुळे कमानीची उंची कळते. अर्धा ते एक सेकंदाच्या एक्स्पोजरमध्ये चालणारी माणसे पुसट होतात, थांबलेली स्पष्ट उमटतात आणि ओळखू येणारे चेहरे कमी होतात. घरात लावण्याच्या फोटोला हे सर्वांत चांगले.

तरीही रिकामेच हवे असेल तर दोन रस्ते आहेत. ६ स्टॉपच्या एनडी फिल्टरने (प्रकाश कमी करणाऱ्या गडद काचेने) अर्ध्या सेकंदाचे एक्स्पोजर ३२ सेकंदांचे होते आणि चालणारे लोक जवळपास विरून जातात. किंवा ट्रायपॉड न हलवता २०-३० सेकंदांच्या अंतराने १५ फोटो घ्या आणि सॉफ्टवेअरमध्ये त्यांचा मध्यक (प्रत्येक ठिकाणची क्रमाने मधली किंमत) काढा. प्रत्येक ठिकाण निम्म्याहून अधिक फोटोंत रिकामे असेल तर माणूस नाहीसा होतो. तिकीट खिडकीसमोरची रांग किंवा बाकावर झोपलेला प्रवासी अशाने जात नाही. त्यासाठी अर्ध्या तासाने आणखी दोन-तीन फोटो घेऊन तेवढाच भाग हाताने जोडावा लागतो.

घड्याळाकडे मात्र खास लक्ष द्या. मिनिटकाटा मिनिटाला ६ अंश सरकतो. सहा मिनिटांच्या मालिकेत तो ३६ अंश फिरलेला असतो, आणि मध्यक काढला की काटाच पुसला जातो. तबकडी उरते, वेळ नाही. प्रिंट मोठा झाल्यावर हे सर्वांत आधी दिसते. म्हणून घड्याळ नेहमी एकाच फोटोतून घ्या. रात्री उजळलेली तबकडी बाकी इमारतीपेक्षा दोन-तीन स्टॉप तेज असते, तिच्यासाठी वेगळे गडद एक्स्पोजर ठेवाच.

ट्रायपॉडला परवानगी नाही.

पुष्कळ ठिकाणी नसतेच, आणि वर्दळीच्या वेळी ते योग्यही आहे. कॅमेरा कठड्यावर किंवा खांबाला टेकवून २ सेकंदांचा टायमर लावा. आयएसओ १६०० पर्यंत न्या. एकाच चौकटीचे ८ फोटो सलग घेऊन सरासरी काढली तर नॉइज (फोटोतले दाणे) तिपटीच्या आसपास कमी होतो. ट्रायपॉड मिळालाच तर गाडी येताना-जाताना शटर दाबू नका. फलाट थरथरतो आणि दूरची नक्षी दुहेरी उमटते.

दालनाच्या बरोबर मध्यावर उभे राहूनही फोटो एका बाजूला झुकतो.

मध्यावर उभे राहणे आणि मध्यरेषेत पाहणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जागेसाठी जवळची आणि दूरची अशी दोन मध्यचिन्हे जुळवा. छतातून लोंबणारा दिवा मागच्या कमानीच्या मधल्या दगडावर नेमका आला पाहिजे. १० सेंटिमीटरचा फरकही दिसतो. मग दिशा तपासा. मागच्या भिंतीवरची आडवी पट्टी एका टोकाला खाली जात असेल तर कॅमेरा फिरलेला आहे. दिशेची चूक सॉफ्टवेअरमध्ये सुधारते. जागा चुकली तर नाही, कारण जवळच्या खांबाने मागचे किती झाकले ते बदलता येत नाही.

लंडनच्या सेंट पँक्रसचे छत (१८६८, अभियंता विल्यम बार्लो) सुमारे ७३ मीटर रुंद आहे आणि मध्ये एकही खांब नाही. कमानीची दोन टोके ओढून धरणारा भाग फलाटाच्या जमिनीखाली आहे, म्हणून कमान थेट जमिनीतून उगवते. कॅमेरा कंबरेच्या उंचीवर आणला तरच ते उगवणे दिसते. अँटवर्पच्या स्थानकात (१९०५) दगडी घुमट आणि लोखंडी शेड एकामागे एक आहेत आणि दोन्हींचा उजेड अगदी वेगळा आहे, तिथे प्रत्येकाचा स्वतंत्र फोटो घेतलेला बरा. वास्तू कशी उभी आहे हे समजले की कुठे उभे राहायचे ते कळते.

संपूर्ण इमारत घ्यावी की तपशील?

घरातल्या भिंतीवर तपशील अधिक काळ कंटाळवाणा होत नाही. कमानीच्या बेचक्यातली लोखंडी जाळी, पाणी ओकणारे दगडी प्राणी, जिन्याचा कठडा, तिकीट खिडकीची पितळी चौकट. ७० ते २०० मिमीच्या लेन्सने दूरून घ्या, उभ्या रेषा आपोआप सरळ राहतात. हेलसिंकी स्थानकाच्या (१९१९) दारावरचे कंदीलधारी ग्रॅनाइटचे पुतळे असेच दूरून घ्यायचे, जवळ जाऊन वर पाहिले तर हनुवटीच दिसते.

चकाकणाऱ्या फरशांवर पोलरायझर (चकाकी कापणारा फिल्टर) लावा. पोर्तुच्या साओ बेंतो स्थानकातल्या सुमारे २०,००० निळ्या-पांढऱ्या फरशांवर दाराचा उजेड पडून चित्र धुऊन निघते. भिंतीशी ३० ते ४० अंशांच्या कोनात उभे राहून पोलरायझर फिरवला की चकाकी बरीच जाते, समोरून उभे राहिल्यावर त्याचा उपयोग होत नाही.

पॅनोरमा जोडताना लोखंडी जाळ्या तुटतात.

कॅमेरा लेन्सच्या प्रवेश-बिंदूभोवती (लेन्समध्ये दिसणाऱ्या छिद्राच्या मध्याभोवती) फिरत नाही, म्हणून जवळचा खांब आणि दूरची जाळी एकमेकांच्या मागेपुढे सरकतात. ट्रायपॉडवर सरकपट्टी बसवून तो बिंदू शोधा आणि शेजारच्या फोटोंत ३० ते ४० टक्के समान भाग ठेवा. सारख्याच कमानींच्या रांगेत सॉफ्टवेअर एक कमान गाळून टाकते. जोडल्यावर कमानी मोजून बघा.

समोरच्या तारा आणि पाट्या पुसून टाकाव्यात का?

तात्पुरते बॅनर, कचरापेटी, उभी गाडी पुसायला हरकत नाही. गाडीच्या विजेच्या तारा ठेवा, त्या स्थानकाच्याच आहेत. पुसायला गेलात तर मागची नक्षी नव्याने रचावी लागते आणि जाणत्या माणसाला ती खोटी नक्षी ओळखू येते.

त्या तारांमध्ये बहुधा २५,००० व्होल्टचा दाब असतो आणि धक्का बसायला स्पर्श लागत नाही. पादचारी पुलावरून किंवा फलाटावरून उंच काठीवर कॅमेरा चढवू नका. पिवळ्या रेषेच्या मागे, रुळांकडे पाठ न करता उभे राहा. फ्लॅश कधीही नको, चालकाचे डोळे दिपतात.

प्रिंट स्क्रीनपेक्षा काळपट आला.

स्क्रीन फार उजळ ठेवून काम केल्याची ही तक्रार आहे. कॅलिब्रेट करून तो ८० ते १२० निटवर (उजळपणाचे एकक) आणा, प्रिंट काढणाऱ्या प्रयोगशाळेकडून कागदाची प्रोफाइल मागवून सॉफ्ट-प्रूफ (छापल्यावर कसे दिसेल त्याची स्क्रीनवरची झलक) बघा, आणि मोठ्या प्रिंटआधी त्याच कागदावर ए४ मापाचा नमुना काढा. तो नमुना ज्या भिंतीवर फोटो लागणार तिथे, संध्याकाळच्या दिव्यात धरून पाहा.

कागद कोणता? कॅनव्हास चालेल का?

दगड आणि विटांसाठी सुती मॅट कागद. लोखंड, काच आणि रात्रीच्या फोटोसाठी बॅरायटा (किंचित चमकदार कागद), कारण मॅटवर काळा रंग तितका खोल जात नाही आणि छताची जाळी राखाडी होते. कॅनव्हास आम्ही वास्तूच्या फोटोला सुचवत नाही. विणीचा पोत बारीक जाळ्या गिळतो, आणि कापड थोडे जरी तिरके ताणले गेले तरी खांब वाकतात. घ्यायचाच असेल तर ४ सेंटिमीटर जाड चौकटीसाठी प्रत्येक बाजूला ५ ते ६ सेंटिमीटर जादा प्रतिमा सोडा. नाहीतर मध्यरेषेवर बेतलेल्या फोटोचे कडेचे खांब चौकटीच्या बाजूवर वळतात.

तीन भागांत फोटो लावायचा आहे.

फटी ३ ते ५ सेंटिमीटरच्या ठेवा आणि त्या खांबांमधल्या मोकळ्या जागेत येतील असे बघा, घड्याळ किंवा दार कापू नका. फटीइतकी प्रतिमा प्रत्येक जोडावर वगळली तर कमान एका फोटोतून दुसऱ्यात सरळ जाते. फक्त तुकडे करून दूर सरकवले तर तिची वळणरेषा तुटते.

हे फोटो विकता येतील का?

तीन गोष्टी वेगवेगळ्या तपासा. पहिली, जागेची परवानगी. रेल्वेच्या हद्दीत व्यावसायिक चित्रीकरणासाठी बहुतेक देशांत लेखी परवाना लागतो, हौशी फोटोला मुभा असली तरी. दुसरी, वास्तूचा स्वामित्वहक्क. शंभर वर्षांपूर्वीच्या इमारतीचा तो बहुधा संपलेला असतो, पण नंतर बसवलेले शिल्प किंवा नवे छत त्यात येऊ शकते. भारतात १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्याचे कलम ५२ वास्तूचे छायाचित्र घ्यायला आणि प्रसिद्ध करायला मोकळीक देते. फ्रान्समध्ये ही मोकळीक व्यावसायिक वापराला नाही, आणि इटलीत सरकारी वारसावास्तूंच्या व्यावसायिक प्रतिमांसाठी परवानगी आणि शुल्क लागू शकते. तिसरी, फोटोतल्या नाममुद्रा आणि ओळखू येणारे चेहरे.

चौकट आणि टांगणी?

काचेला प्रिंट चिकटू नये म्हणून मध्ये माउंट (मधोमध कापलेला पुठ्ठा) हवाच, आम्लरहित, कडेने ५ ते ८ सेंटिमीटर. खिडकीसमोरच्या भिंतीवर परावर्तन रोखणारी काच घ्या, नाहीतर रात्रीच्या फोटोत स्वतःचाच चेहरा दिसतो. फोटोचा मध्य जमिनीपासून १४५ ते १५० सेंटिमीटरवर ठेवा. बाहेरच्या ओलसर भिंतीवर लावताना चौकटीच्या मागच्या चारही कोपऱ्यांना रबरी ठोकळे चिकटवा, म्हणजे मागून हवा खेळते आणि कागदाला बुरशी धरत नाही. टांगल्यावर पाणसळ चौकटीच्या वरच्या कडेवर ठेवून तपासाच. चौकट अर्ध्या अंशाने जरी तिरकी झाली तरी आतला मनोरा झुकलेला दिसतो.